लायसन्सचं शस्त्र घरात आहे? मग ते उशाखाली नको, कुलपात हवं

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अभिनेते गोविंदा मुंबईत जुहूच्या घरून प्रवासाला निघायच्या तयारीत होते. स्वतःचं लायसन्सचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि पायात शिरली. ऑपरेशन करून ती काढावी लागली. पायावर निभावलं, अल्लाहचे आभार मानायचे. त्या क्षणी समोर एखादं लेकरू उभं असतं तर?

घरात चोर शिरला नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं, शस्त्रही कायदेशीर होतं. पण ते भरलेलं होतं.

आपल्या जळगाव-धुळ्यातही अनेक घरांत लायसन्सची शस्त्रं आहेत. कुणी व्यापारी रोकड घेऊन ये-जा करतो, कुणाचं घर मळ्यात एकटं आहे. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा, शिरपूरकडे रानडुकरांपासून पीक वाचवायला जुनी बंदूक आहे. धुळ्यात २००८ ची दंगल आणि ६ जानेवारी २०१३ चा गोळीबार पाहिलेल्या घरांच्या मनात भीती आहे, ती खोटी नाही. म्हणून काही जण रिव्हॉल्वर भरून उशाखाली ठेवतात. नेमकं इथेच चुकतं.

"लोड नसेल तर उपयोग काय?"

हा प्रश्न हमखास येतो. पण रात्रीचा विचार करा. गाढ झोपेतून उठलेला माणूस, अंधार, दारापाशी सावली. ती चोराची असेल, किंवा उशिरा घरी आलेल्या मुलाची, किंवा पाणी प्यायला उठलेल्या अम्मीची. हातात भरलेलं शस्त्र असेल तर ओळखायला वेळच मिळत नाही. चोर कधी येईल सांगता येत नाही, पण नातवंडं रोज त्याच पलंगावर उड्या मारतात. उशाखालचं शस्त्र आधी त्यांच्याच हाताला लागतं.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा दिलेला नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. घराचं खरं रक्षण मजबूत दार, आतली कडी, बाहेरचा दिवा, जागे शेजारी आणि ११२ नंबर करतो. शस्त्र हा अगदी शेवटचा उपाय.

कायदा काय सांगतो

शस्त्र कायदा १९५९ चा आहे, नियम २०१६ चे, आणि २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. घरच्यांनी एवढं माहीत ठेवावं:

- आपल्या दोन्ही जिल्ह्यांत लायसन्स जिल्हाधिकारी देतात. अर्ज करतानाच शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. भरलेलं पिस्तूल उशाखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवणं त्या हमीत बसत नाही.
- एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका-पिस्तुलं ठेवता येत नाहीत. आधी ही मर्यादा तीन होती.
- लायसन्सची मुदत आता ५ वर्षं आहे. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे.
- काडतुसं लायसन्सवर लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त नकोत, आणि ती परवानाधारक दुकानातूनच, नोंद करून घ्यायची.
- लायसन्सची अट मोडली तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसन्स जातं ते वेगळंच.
- निकाहच्या वरातीत आनंदात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करून पावती घ्यायची. ती पावती लायसन्ससोबतच ठेवावी.

लायसन्स एकाचं, घराचं नाही

अब्बांच्या नावावर लायसन्स आहे म्हणजे मोठ्या मुलाने शस्त्र हाताळायला हरकत नाही, असं अनेकांना वाटतं. हा गैरसमज आहे. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाईव्ह सुरू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या लायसन्सवरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. गोळी झाडणारा दुसरा होता, तरी शस्त्र कायद्याखाली अंगरक्षकालाही अटक झाली.

म्हणून शस्त्राच्या कुलपाची चावी लायसन्सधारकाकडेच हवी. आपल्याकडे लोखंडी कपाटाची चावी कपाटावरच ठेवलेली असते आणि घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही ती जागा ठाऊक असते. त्याला कुलूप म्हणत नाहीत.

ठेवायचं कसं

१. आधी रिकामं करा. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर उघडून सगळी काडतुसं बाहेर काढा आणि घरं मोजा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढा, मग स्लाईड मागे ओढून चेंबरमध्ये डोकावून पाहा. नुसतं मॅगझिन काढल्याने पिस्तूल रिकामं होत नाही, एक गोळी आत राहू शकते. बरेच अपघात तिथेच होतात. बारा बोअरची दुनाळी असेल तर मोडून दोन्ही नळ्या पाहा.

२. हे करताना नळीचं तोंड कुणाकडेही नको आणि बोट घोड्यावर नको. खोलीत मुलं नकोत. फोन वाजला तर वाजू द्या.

३. शस्त्र भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्क्या केलेल्या तिजोरीत किंवा लॉकरमध्ये ठेवा. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात.

४. मुलांना शस्त्राची गंमत दाखवू नका. पण इतकं नक्की शिकवा की कुठेही शस्त्र दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच मोठ्यांना सांगायचं.

५. घरात कुणी खूप खचलेलं असेल, दारूच्या नादी लागलेलं असेल किंवा भावाभावांत जमिनीचा वाद पेटला असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवणंच शहाणपणाचं. पोलीस ठाण्यात चौकशी करा, किंवा शस्त्र सांभाळायचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे रीतसर जमा करा. रागाचा आणि निराशेचा एक क्षण टळला तर जीव वाचतो.

६. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी पोलिसांत कळवा. लपवलं तर पुढे त्याने जे होईल त्याचा माग तुमच्या दारात येईल.

अब्बांच्या पश्चात

लायसन्सधारकाचा इंतकाल झाला की लायसन्स वारसांकडे आपोआप जात नाही. चाळिसावा झाला, वाटण्या झाल्या, बंदूक मात्र माळ्यावर तशीच पडून आहे, असं होऊ देऊ नका. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करा. ज्या वारसाला ठेवायची आहे त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. वडील हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, तर ते वारसाचं नाव सुचवू शकतात.

आणि कट्टा? अजिबात नाही

लायसन्सला वेळ लागतो, म्हणून काही तरुण सोपी वाट धरतात. चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेल्या उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांच्या कारवायांत वारंवार येतं. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगलं तर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड. कट्ट्याचा भरवसाही नाही, तो पडला की सुटतो, कधी हातातच फुटतो. घराच्या रक्षणासाठी आणलेला कट्टा पोराचं शिक्षण, नोकरी आणि पासपोर्ट घेऊन जातो, अम्मी-अब्बांना कोर्टाच्या तारखा देऊन जातो.

दीनची शिकवणही हीच आहे. बाण घेऊन मशिदीत किंवा बाजारात जाणाऱ्याने त्याचं टोक हातात धरावं, कुणाला इजा होऊ नये, अशी ताकीद पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी दिली. म्यानाबाहेर काढलेली तलवार एकमेकांच्या हातात देण्याची मनाई केली. थट्टेतही भावाकडे शस्त्र रोखू नये, असं बजावलं. तेव्हा बाण आणि तलवारी होत्या, आज गोळी आहे.

शस्त्र ही अमानत आहे. आज रात्री झोपण्याआधी एकदा पाहून घ्या, ते रिकामं आहे का, कुलपात आहे का आणि चावी कुणाकडे आहे.