टेनिस बॉल नव्हे, सीझन बॉल

नांदेडच्या स्टेडियमवर असो की लातूरच्या क्रीडा संकुलात, दिव्यांगांच्या क्रिकेटचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "टेनिस बॉलनंच खेळत असतील ना?" पाठोपाठ दुसरं वाक्य, "नियमही सोपे केले असतील." विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण हे ऐकून ऐकून आता वीट आला आहे.

भारताचा शारीरिक दिव्यांगांचा संघ सीझन बॉलनेच खेळतो. खेळपट्टी 22 यार्डांचीच. 13 ऑगस्ट 2019 रोजी वूस्टरच्या न्यू रोडवर, जिथे कौंटीचे सामने होतात त्याच मैदानावर, या संघाने यजमान इंग्लंडला 36 धावांनी हरवून टी-ट्वेंटी जागतिक मालिका जिंकली. कर्णधार विक्रांत केणी, अंतिम सामन्यात 34 चेंडूंत 53 धावा काढणारा रवींद्र संते, प्रशिक्षक मुंबईचे माजी यष्टिरक्षक सुलक्षण कुलकर्णी. तिघेही महाराष्ट्राचे, तरी आपल्याकडे किती जणांना ही नावं सांगता येतील? जानेवारी 2025 मध्ये श्रीलंकेत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पुन्हा इंग्लंडच समोर होतं. भारत 4 बाद 197, त्यात योगेंद्र भदोरियाच्या 40 चेंडूंत 73. विजय 79 धावांनी. ही दयेपोटी मिळालेली धावसंख्या आहे का?

"पण क्षेत्ररक्षण कसं जमणार?" ऑक्टोबर 2016 मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध इंग्लंडच्या लियाम थॉमसने चेंडू अडवायला झेप घेतली आणि त्याचा कृत्रिम पाय निघून बाजूला पडला. गडी उठला, एका पायावर लंगडी घालत चेंडूपर्यंत गेला, चेंडू फेकला. पायाकडे नंतर पाहिलं. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. शंका असेल त्याने तो पाहावा.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झाला होता. त्याच हाताने त्यांनी 58 कसोटींत 242 बळी घेतले. क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकायचे मात्र डाव्या हाताने. 1971 मध्ये ओव्हलवर 38 धावांत 6 बळी घेऊन त्यांनी इंग्लंडला गुंडाळलं, तेव्हा कर्णधार होते अजित वाडेकर. याच वाडेकरांनी पुढे शारीरिक दिव्यांगांच्या क्रिकेटसाठी वर्षानुवर्षं काम केलं. अशा हाताची ताकद त्यांनी जवळून पाहिली होती.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. अंधांचा संघ तो हा नव्हे : तिथे छर्ऱ्यांचा आवाज करणारा चेंडू असतो, गोलंदाजी खालून होते, आणि पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. कर्णबधिरांचं आणि व्हीलचेअरवरचं क्रिकेटही वेगळं. "पॅरालिम्पिकमध्ये पदक का आणत नाहीत?" कारण पॅरालिम्पिकमध्ये क्रिकेट नाहीच. "बोर्ड पगार देत असेल की!" बीसीसीआयचे वार्षिक करार पुरुषांच्या आणि महिलांच्या मुख्य संघांतल्या खेळाडूंशी होतात, यांच्याशी नाही. आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचे 40 टक्के हा सवलतींसाठी कायद्याने ठरवलेला उंबरठा आहे. खेळाडू किती चांगला, हे त्यावरून कळत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 30 वं कलम खेळात सहभाग मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. ते सरकारकडे मागायचंच. पण नांदेड-लातूरच्या क्लबांना आणि क्रीडाशिक्षकांना त्यासाठी थांबायची गरज नाही. लंगडत येणाऱ्या पोराच्या हातात स्कोअरबुक देणं बंद करा. त्याला पॅड बांधा, नेटमध्ये उभं करा आणि सीझन बॉलच टाका.