सहा मात्रा, पण पावले किती?

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंज हे नाटक कंपन्यांचे माहेरघर. अशाच एका नाटकाच्या दुपारी कीबोर्ड वाजवणारा पोरगा माझ्याकडे आला. मालकाने त्याला आणखी एकच रात्र दिली होती.

"चाचा, मशीनवर ३/४ आहे अन् ६/८ बी आहे. मोजलं तर दोन्हीत सहाच येते. मंग तबलजी माझ्यावर काऊन चिडते?"

मी गवई नाही. पण कवीला मात्रा मोजायची सवय असतेच. पोराचा हिशेब बरोबर होता. पाश्चात्त्य स्वरलिपीत खालचा आकडा मोजण्याचे माप सांगतो. ४ म्हणजे पूर्ण स्वराचा पाव भाग, ८ म्हणजे आठवा. तीन पाव म्हणजेच सहा अष्टमांश. फरक आहे तो ठोक्यांत. ३/४ मध्ये ठोके तीन, प्रत्येकाचे भाग दोन. ६/८ मध्ये ठोके दोनच, प्रत्येकाचे भाग तीन. ज्यात ठोक्याचे असे तीन भाग पडतात, तो संयुक्त ताल. ९/८ मध्ये ठोके तीन, १२/८ मध्ये चार. अशा तालात वरच्या आकड्याला तीनने भागले की ठोके हाती येतात. लिहितानाही तीन-तीन स्वरांच्या शेपट्या एका आडव्या दांडीने जोडतात; डोळ्याने ती खूण पाहावी.

आपला दादरा याच चालीचा. मात्रा सहा, विभाग तीन-तीनचे. पहिलीवर सम, चौथीवर खाली. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत समेला फुली आणि खालीला शून्य असते, म्हणून चाल कागदावरच दिसते.

एवढे सांगूनही पोराचा चेहरा कोराच. मग त्याला अंगणात चालायला लावले. उजवे पाऊल, तोंडाने 'धा धिं ना'; डावे पाऊल, 'धा तिं ना'. नंतर तेच सहा आकडे तीन पावलांत: एक-दोन, तीन-चार, पाच-सहा. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो थबकला.

"चाचा, मी तीन पावलं चालत होतो, अन् गाणारी बाई दोन!"

शिकवणाऱ्यांना एवढेच सांगणे: आकडा फळ्यावर नंतर लिहा, आधी मुलांना चालवा. माझ्याही कितीतरी ओळी मात्रांत अचूक होत्या आणि चालताना लंगडत होत्या.

त्या रात्री मी मंडपात मागे बसलो होतो. दादरा सुरू झाला. तबलजीने एकदा कीबोर्डकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही.