चार तारांची दोन वाद्ये

शाहूपुरीतील आमच्या घरी गेल्या वर्षी एक लहानसा वाद उत्पन्न झाला. मधल्या बंधूंच्या चिरंजीवाने ‘बेस गिटार’ नावाचे विजेवर चालणारे वाद्य करावयाचे ठरविले. आणि तेही तयार विकत न घेता, एकेक भाग पारखून आणून स्वतःच्या हाताने जोडावयाचे! घरातले गाणे तीन पिढ्यांचे. आजीच्या वेळचा मिरजेचा तंबोरा माजघरात अद्यापि उभा आहे. त्याच्या शेजारी हे कसले सोंग, असे थोरल्या वहिनींस वाटले. आणि खरे सांगावयाचे तर मलाही वाटले. परंतु पुढे जे पाहिले त्याने आमचे मत पालटले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

बेस गिटारचे वय फार नाही. ताफ्यातील खर्जाचे स्वर धरण्यासाठी पूर्वी व्हायोलिनच्या कुळातील पुरुषभर उंचीचे एक वाद्य उभे राहून वाजवीत. ते वाहून नेणे जिकिरीचे, आणि मोठ्या ताफ्यात त्याचा आवाज बुडे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी यावर तोड काढली. त्यांनी भरीव लाकडाचे धड केले, मानेवर पडदे बसविले, आणि मान धडास स्क्रूंनी जोडली. मान व धड सुटे होतात, म्हणूनच हौशी माणसास एका ठिकाणाहून धड, दुसऱ्या ठिकाणाहून मान आणून आपल्या मनासारखे वाद्य जुळविता येते. तारांखाली चुंबकांभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते. तीच वर्धकात जाऊन मोठी होते. येथे तंबोऱ्याची पितळी तार चालावयाची नाही. चुंबकास तिची ओळखच पटत नाही.

आमच्या चिरंजीवाने भाग उत्तम निवडले होते. तरीही वाद्य बेसूर निघाले! मोकळ्या तारा सुरात, पण पडद्यावर बोट ठेवले की स्वर वर सरके. तो बिचारा रात्र रात्र खुंट्या पिळीत बसे. अखेर एके दिवशी स्वयंपाकघरातूनच थोरल्या वहिनी म्हणाल्या, “अरे, तारा लावून काय होणार? पडद्यांवरच चढतोय तुझा सूर.”

दोष सापडला तो घोडीत. तारेची लांबी ३४ इंच असेल, तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे १७ इंचांवर यावा लागतो. तेथून घोडीपर्यंतही तितकेच अंतर हवे. ह्याने घोडी धडाच्या कडेपासून मोजून बसविली होती. ती अर्धा इंच पुढे आली. घोडीवरील बारीक स्क्रूंनी एवढी चूक निघेना. लाकडास भोके पडून चुकली होती, पैसे खर्च झाले होते. तो सारे गुंडाळून ठेवावयास निघाला. तेव्हा वहिनीच म्हणाल्या, “तंबोऱ्याची जवारी कित्येक वर्षे काढलेली नाही. मिरजेस चाललो आहोत, तूही चल.”

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालचा. आमच्या पेठेहूनही जुना. मिरजेत तंतुवाद्ये घडविणारी शिकलगार घराणी मूळची शस्त्रांस धार देणारी. एकोणिसाव्या शतकात तो धंदा बसू लागला, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये हाती घेतली, व त्यांचे वंशज-शिष्य आजवर ती कला चालवीत आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले. तेथेही निवडच आधी: भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तूनचे. गाणाऱ्याची पट्टी विचारल्यावाचून माप ठरत नाही. बायकांच्या उंच पट्टीस लहान तंबोरा, पुरुषांच्या ढाल्या आवाजास मोठा.

कारागिराने तारा उतरविल्या, घोडीचा माथा कानशीने किंचित घासला, तारा चढविल्या आणि ऐकले. पुन्हा उतरविल्या, पुन्हा घासले. तार त्या माथ्याच्या उतारावर नेमकी चाटून गेली पाहिजे, तरच ती झंकारते; मग तिच्याखालचा दोरा केसभर सरकवून तो झंकार मोकळा करावयाचा. हे माप पट्टीवर मिळत नाही. दोन तास हे चालले होते. चिरंजीव हलला नाही. जुन्या तंबोऱ्यातून आजीच्या वेळचा नाद उठला, तेव्हा वहिनींचे डोळे भरून आले.

परत आल्यावर त्याने जुन्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, घोडी काढून नव्याने मापून बसविली, आणि शेवटची केसभर दुरुस्ती पट्टीने न करता कानाने केली. ऐकावयास वहिनी शेजारी बसल्या होत्या.

उत्तम भाग पैसे टाकून मिळतात. त्यांचे वाद्य होते ते कोणीतरी धीराने ऐकत बसल्यावर. घरातील मुलाने नवे वाद्य हाती घेतले तर त्याचे वेड म्हणून हसू नये. आपला तयार कान त्यास द्यावा. आणि आपल्या घरी तंबोरा गवसणीत पडला असेल व गाणे यंत्रातल्या तंबोऱ्यावर चालले असेल, तर त्यास एकदा मिरज दाखवावी. ऐकणारे गिऱ्हाईकच उरले नाही, तर घासणारा हात तरी कोठवर टिकेल?