गोळा करणारा एक, खर्च करणारा दुसरा

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्या एका रात्रीत जगभरच्या क्लबांचे अध्यक्ष, अनेक क्लब मिळून होणाऱ्या डिस्ट्रिक्टचे गव्हर्नर, अगदी जागतिक अध्यक्षसुद्धा बदलतात. बहुतेक पदं वर्षभराचीच. प्रत्येकाला आपल्या वर्षात काहीतरी करून दाखवायचं असतं आणि त्यात गैर काहीच नाही. पण दरवर्षी माणसं बदलणाऱ्या संघटनेकडे लोकांचे कोट्यवधी डॉलर सोपवायचे, तर ते सांभाळायचे कसे? रोटरी फाउंडेशनने या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं, ते मला तिच्या कुठल्याही प्रकल्पाइतकंच मोलाचं वाटतं. आपल्याकडे गावोगावच्या विश्वस्त संस्था ज्या जागी अडखळतात, नेमकी तिथेच या संस्थेने पक्की व्यवस्था लावून ठेवली आहे.

सुरुवात अगदी लहान होती. १९१७ मध्ये अटलांटाच्या अधिवेशनात मावळते अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगात चांगली कामं करण्यासाठी एक कायमचा निधी उभारावा, अशी सूचना मांडली. पहिली देणगी कॅन्सस सिटीच्या क्लबकडून आली : साडेसव्वीस डॉलर. पुढची दहा वर्षं निधी रखडतच वाढला. १९२८ मध्ये त्याला ‘रोटरी फाउंडेशन’ हे नाव मिळालं आणि पाच विश्वस्त नेमले गेले, तेव्हा शिल्लक जेमतेम पाच हजार डॉलरच्या वर होती. पहिलं अनुदान १९३० चं, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ५०० डॉलर.

खरा ओघ सुरू झाला तो एका मृत्यूनंतर. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस जानेवारी १९४७ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ जगभरातून देणग्या आल्या आणि त्याच वर्षी १८ तरुणांना परदेशी शिक्षणासाठी पहिल्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. १९५७ मध्ये हजार डॉलर देणाऱ्याला ‘पॉल हॅरिस फेलो’ म्हणायची प्रथा पडली. हा आकडा आजही हजारच आहे. त्या काळी त्याचे पावणेपाच हजार रुपयांच्या आसपास व्हायचे, आज ऐंशी हजारांच्या वर जातात. तरीही अलीकडच्या वर्षांत फाउंडेशनला देणग्या देण्यात अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागला आहे.

देणगी गोळा करण्याचं तंत्र रोटरीने चांगलंच घोटलेलं आहे. प्रत्येक सभासदाने दरवर्षी काहीतरी द्यावं हा आग्रह; मग हजार डॉलरला कोटाच्या कॉलरवर पिन; पुढच्या हजारांना पिनेत नीलम, माणिक; दहा हजार डॉलरला ‘मेजर डोनर’; अडीच लाखाला ‘आर्च क्लम्फ सोसायटी’, ज्यांचे फोटो इव्हान्स्टनच्या मुख्यालयातल्या दालनात लागतात. पिनेसाठी दिलेला पैसाही रुग्णापर्यंत पोचतोच, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र जून महिन्यात ‘आपल्या क्लबची दरडोई देणगी किती’ यावरच सगळं बोलणं येऊन थांबतं, तेव्हा काम मागे पडतं आणि आकडा पुढे येतो. आपल्या भागातल्या डिस्ट्रिक्टच्या पदाधिकाऱ्यांनी यावर स्पष्ट बोलायला हवं.

आता त्या व्यवस्थेकडे वळू. वार्षिक निधीत आलेली देणगी त्या वर्षी खर्चच होत नाही. ती तीन वर्षं गुंतवून ठेवली जाते आणि तिच्या उत्पन्नातून फाउंडेशनचा कारभाराचा खर्च भागवायला मदत होते. तीन वर्षांनी त्या पैशाचे वाटे होतात. पूर्वी निम्मा ‘वर्ल्ड फंड’ या जगभरच्या प्रकल्पांसाठीच्या सामाईक निधीला आणि निम्मा ज्या डिस्ट्रिक्टमधून आला त्याच्याच खात्यात जायचा. आता कारभारासाठी पाच टक्के बाजूला काढून उरलेल्याचे दोन समान भाग करतात. डिस्ट्रिक्टचा वाटा कशावर खर्च करायचा हे तिथलेच लोक ठरवतात.

म्हणजे यंदाचा गव्हर्नर क्लबांकडून जो निधी जमवतो, त्यातला एक रुपयाही त्याला आपल्या वर्षात वापरता येत नाही. ज्याच्या कारकिर्दीत तो खर्च होणार, तो अनेकदा तेव्हा निवडलाही गेलेला नसतो. आणि यंदाच्या गव्हर्नरच्या हातात जो निधी आहे, तो तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दारोदार फिरून जमवलेला. गोळा करणारा एक, खर्च करणारा दुसरा. ‘माझ्या वर्षात मी आणलेला पैसा’ हे वाक्यच या रचनेत बसत नाही. पदाची मुदत एक वर्ष आणि पैशाची तीन वर्षं, या एका तफावतीने पुष्कळ मोह आपोआप आटोक्यात राहतात.

हा पैसा कामाला कसा लागतो, हे तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिस केंद्र उभारण्याच्या उदाहरणावरून बघू. ‘ग्लोबल ग्रँट’ या आंतरराष्ट्रीय अनुदानासाठी अंदाजपत्रक किमान तीस हजार डॉलरचं लागतं आणि दोन देशांतले क्लब लागतात : एक इथला, एक परदेशातला. समजा, इथल्या डिस्ट्रिक्टने आपल्या वाट्यातून दहा हजार डॉलर दिले आणि तिकडच्या डिस्ट्रिक्टनेही दहा हजार दिले. सध्याच्या नियमाप्रमाणे वर्ल्ड फंड त्यावर ऐंशी टक्के घालतो. झाले छत्तीस हजार.

पण मशीन घेण्याआधी क्लबला त्या भागाची गरज पाहणी करून मांडावी लागते. सर्वांत जवळचं केंद्र किती लांब आहे, रुग्ण किती आहेत, क्लब बाजूला झाल्यावर टेक्निशियनचा पगार कोण देणार, पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च कोण उचलणार, हे सगळं कागदावर आणावं लागतं. क्लबच्या प्रतिनिधींनी त्या वर्षी ग्रँट व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला बसलेलं असावं लागतं, करारावर सही केलेली असावी लागते. बँकेत वेगळं खातं आणि त्यावर दोन रोटेरियनच्या, म्हणजे रोटरी सभासदांच्या, सह्या. बारा महिन्यांच्या आत पहिला अहवाल, काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल, आणि कागदपत्रं किमान पाच वर्षं जपून ठेवायची.

दोन नियम मला विशेष महत्त्वाचे वाटतात. या पैशातून जमीन घेता येत नाही की इमारत बांधता येत नाही. आपल्याकडे दातृत्वाची पहिली ओढ इमारतीकडे असते, कारण तिच्यावर नावाची पाटी लागते. मग इमारत उभी राहते आणि आत डॉक्टर नसतो. दुसरा नियम असा, की रोटेरियन किंवा त्याचे जवळचे नातेवाईक या अनुदानाचे लाभार्थी होऊ शकत नाहीत. सभासदत्व सोडल्यावरसुद्धा छत्तीस महिने ही बंदी राहते. ‘आपल्याच माणसाला देऊ’ ही वाट पहिल्याच पायरीवर बंद.

वरच्या पातळीवर पंधरा विश्वस्त असतात. नावं रोटरीचे नियोजित जागतिक अध्यक्ष सुचवतात, निवड रोटरीचं संचालक मंडळ करतं आणि मुदत साधारण चार वर्षांची असते. वापीचे कल्याण बॅनर्जी २०१६-१७ मध्ये या विश्वस्तांचे प्रमुख होते, त्याआधी २०११-१२ मध्ये ते रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. भारतातले रुपये रोटरी फाउंडेशन इंडियामार्फत जातात, त्यावर प्राप्तिकरात ८०जीची सवलत मिळते. परदेशातून येणाऱ्या रकमेला एफसीआरए कायद्याचे सगळे निर्बंध लागू होतात आणि क्लबांच्या कोषाध्यक्षांची निम्मी शक्ती त्यातच जाते.

या शिस्तीचं सर्वांत मोठं फळ म्हणजे पोलिओविरोधी मोहीम. १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या साठ लाख मुलांना लस देण्यासाठी ७ लाख ६० हजार डॉलर मंजूर झाले. तिथून धीर आला आणि १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ सुरू झालं. उद्दिष्ट होतं १२ कोटी डॉलर. १९८८ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात जमा झालेला आकडा जाहीर झाला : २४ कोटी ७० लाख. पुढे गेट्स फाउंडेशनने रोटरीच्या प्रत्येक डॉलरमागे दोन डॉलर घालायला सुरुवात केली. हिशोब चोख ठेवणाऱ्यांवर इतरांनी विश्वास ठेवला, असाच याचा अर्थ मी घेतो.

पल्स पोलिओच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसलेले लोक आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. बर्फाच्या पेटीतून लस काढायची, दोन थेंब पाजायचे आणि बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करायची. आरोग्य सेविका आणि आशाताईंच्या जोडीला तिथे क्लबचे सभासदही असायचे. २००९ मध्ये भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. श्रेय सरकारी यंत्रणेचं आणि त्या ताईंचं सर्वांत मोठं, पण तीस-चाळीस वर्षं एकाच आजारावरून नजर न हटवणारा पैसा जगात फार कमी संस्थांनी उभा केला आहे.

आपण रोटेरियन असाल, तर यंदा क्लबच्या बैठकीत एक गोष्ट जरूर करा. तीन वर्षांपूर्वी आपल्या क्लबने दिलेले पैसे या वर्षी कुठल्या कामाला लागले, हे डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समितीला लेखी विचारा. उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि रोटेरियन नसाल, पण एखाद्या वाचनालयाच्या, देवस्थानाच्या किंवा शाळेच्या विश्वस्त मंडळावर असाल, तर तीन वर्षांच्या मुदतीचा नियम आपल्या पुढच्या सभेत ठराव म्हणून मांडून पाहा.