पहिली सायकल घेताना : गिअर मोजण्याआधी पाय मोजा

कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये नजर टाकली, की धूळ खात उभ्या असलेल्या तीन-चार सायकली हमखास दिसतात. त्यातल्या सगळ्याच लहान मुलांच्या नसतात. काही चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींनी मोठ्या उत्साहाने घेतलेल्या असतात. रक्तातल्या साखरेचा किंवा रक्तदाबाचा आकडा पाहून डॉक्टर म्हणतात, ‘थोडा व्यायाम सुरू करा.’ त्याच आठवड्यात दुकान गाठले जाते, २१ गिअरची, जाड टायरची देखणी सायकल घरी येते आणि महिन्याभरात गुडघा, पाठ किंवा बसायची जागा दुखू लागते. मग ‘आता वय झाले’ असे म्हणून सायकल बाजूला पडते. खरे तर अनेकदा दोष वयाचा नसतो. सायकल मापाची नसते किंवा तिची सीट चुकीच्या उंचीवर असते.

हा प्रश्न केवळ दहा-पंधरा हजार रुपये वाया जाण्याचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, आपल्याकडे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस किमान अर्धा तास. वजन जास्त असलेल्या किंवा गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला हा अर्धा तास धावून भरून काढणे अवघड जाते. सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते. पाय आपटत नाहीत, त्यामुळे सांध्यांना धक्के बसत नाहीत आणि हृदयाला, फुप्फुसांना, मांड्यांच्या स्नायूंना मात्र चांगले काम मिळते. हा फायदा पदरात पडायचा, तर सायकल तिसऱ्या महिन्यातही बाहेर काढावीशी वाटली पाहिजे.

आधी रस्ता ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. सायकल कुठे चालवणार? रोज किती वेळ? आणि ती ठेवणार कुठे? सांगली-मिरजेसारख्या सपाट भागात बिनागिअरची सायकलही छान चालते. रत्नागिरीत, पुण्याच्या कात्रजकडच्या रस्त्यावर किंवा पणजीत आल्तिनोच्या चढावर मात्र गिअरवाचून दम निघेल. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय सायकल चढवायची असेल, तर तिचे वजन हा पहिला मुद्दा ठरतो.

बाजारात ढोबळमानाने चार प्रकार मिळतात. पहिली आपली जुनी ओळखीची काळी सायकल. वजन वीस किलोच्या आसपास, पण मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळे सोबत आणि दुरुस्ती कुठल्याही गावात. दुसरी एमटीबी, म्हणजे जाड, खडबडीत टायरची डोंगरी सायकल. तिसरी हायब्रिड : सरळ हँडल, मध्यम रुंदीचे टायर आणि फार न वाकता बसता येईल अशी बैठक. चौथी वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोड बाइक. ती वेगासाठी असते, तिच्यावर बरेच पुढे वाकावे लागते आणि खड्ड्यांत तिची व चालवणाऱ्याची परीक्षा होते.

शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या डांबरी रस्त्यावर रोज अर्धा-पाऊण तास चालवायची, तर बहुतेकांसाठी हायब्रिड सोयीची. रस्ता फारच खराब असेल, तर एमटीबी घ्यावी, पण टायरचे दात कमी खडबडीत असलेली. साध्या वेगात, म्हणजे ताशी १५ किलोमीटरपर्यंत, आपल्याला अडवणाऱ्या गोष्टींत टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण वाऱ्याइतकेच, कधी त्याहून जास्त महत्त्वाचे असते. म्हणून टायरची निवड आणि त्यातली हवा यांचा फरक पायांना लगेच जाणवतो. हवा किती भरायची, हे टायरच्या कडेलाच छापलेले असते.

मग माप घ्या

चप्पल घेताना आपण नंबर विचारतो, सायकल घेताना मात्र रंग पाहतो. कमी किमतीतल्या अनेक सायकली एकाच मापात येतात. पाच फूट उंचीच्या बाईंना आणि पावणेसहा फुटी गृहस्थांना दुकानदार तीच सायकल दाखवत असेल, तर दुसरे दुकान पाहावे.

साधारणपणे पाच फूट दोन ते पाच फूट पाच इंच उंचीला १५-१६ इंची फ्रेम, पाच फूट सहा ते पाच फूट नऊ इंचांना १७-१८ इंची आणि त्याहून उंच व्यक्तीला १९ इंच किंवा अधिक, असा ठोकताळा आहे. कंपनीनुसार यात फरक पडतो. म्हणून प्रत्यक्ष तपासणी हवी. सीटच्या पुढे, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभे राहा. दांडा आणि शरीर यांच्यात किमान एक-दोन इंच मोकळी जागा हवी, डोंगरी सायकलला त्याहून थोडी जास्त. साडी किंवा सैल कुर्ता घालून चालवणार असाल, तर उतरत्या दांड्याची फ्रेम आणि चेनकव्हर पाहून घ्या.

नंतर सीटवर बसून हँडल धरा. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल, मान न ताणता समोर पाहता येते, अशी स्थिती हवी. हात पूर्ण ताठ होत असतील, तर सायकल लांब आहे. अशा सायकलवर आठवड्याभरात मान आणि तळहात तक्रार करू लागतात.

गुडघा सीटवर अवलंबून

सर्वाधिक नुकसान होते ते सीटच्या उंचीमुळे, आणि ती दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. नव्याने चालवणारे बहुतेक जण पडण्याच्या भीतीने सीट इतकी खाली ठेवतात, की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. त्यामुळे पायडल मारताना गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. अर्ध्या तासात गुडघा हजारो वेळा वाकतो, हे लक्षात घेतले की दुखण्याचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

योग्य उंची शोधायची सोपी रीत अशी. भिंतीला धरून सीटवर बसा. एक पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. आता नेहमीप्रमाणे पायाचा चवडा पायडलवर ठेवला, की गुडघा आपोआप किंचित वाकतो. पायडल तळाला असताना हा बाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा, असे क्रीडावैद्यकात मानतात. थांबायचे असेल तेव्हा सीटवरून पुढे उतरून पाय टेकवायचा, ही सवय दोन दिवसांत लागते. पुढे कधी गुडघ्याच्या समोरच्या बाजूला दुखले, तर सीट थोडी वर करून पाहा. मागच्या बाजूला दुखले, तर थोडी खाली. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बदल करू नका. दुखणे थांबत नसेल किंवा सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सीट जितकी मऊ तितकी चांगली, हाही गैरसमज आहे. शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. फार मऊ सीटमध्ये ही हाडे रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. तिथे मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर सीटचे टोक वर उचललेले नाही ना, हे पाहा आणि गरज पडल्यास सीट बदला. स्त्रियांची बैठकीची हाडे सहसा अधिक रुंद अंतरावर असतात, त्यामुळे त्यांना थोडी रुंद सीट मानवते.

गिअर, शॉकअप आणि डिस्क

समजा, पुढच्या चक्राला ४२ दाते आहेत आणि मागच्याला १४. पायडलचा एक फेरा झाला, की मागचे चाक तीन वेळा फिरते आणि सायकल सहा मीटरहून अधिक पुढे जाते. दोन्हीकडे २८ दाते असतील, तर चाक एकदाच फिरते. अंतर कमी कापले जाते, पण चढावर पायांवरचा ताणही तितकाच कमी होतो. गिअरचे काम एवढेच. २१ गिअरमधली बरीच गुणोत्तरे एकमेकांच्या जवळपास येतात. मागे सात आणि पुढे एकच चक्र असलेली सायकल नवख्याला पुरते, शिवाय बिघाडही कमी.

पुढे-मागे शॉकअप असलेली स्वस्त सायकल मात्र टाळावी. तिचे वजन वाढते आणि तुमच्या पायांची ताकद स्प्रिंग दाबण्यात खर्च होते. त्याच पैशात साधा फोर्क आणि बरी चाके मिळाली, तर ती घ्यावीत. पावसाळ्यात ओल्या रिमवर रबरी ब्रेक उशिरा लागतात, तिथे डिस्क उपयोगी पडते. पण रबरी ब्रेक स्वस्त असतात आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ते दहा मिनिटांत बदलून देतो.

वजनाचेही गणित करून पाहावे. ७५ किलोची व्यक्ती आणि १८ किलोची सायकल मिळून ९३ किलो. १३ किलोची सायकल घेतली तर ८८. चढावर फरक पडतो पाच टक्क्यांच्या आसपास. जिने चढवायचे नसतील, तर त्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. आपण व्यायामालाच तर निघालो आहोत!

पंधरा हजारांचा हिशेब

एकूण १५ हजार रुपये ठरवले असतील, तर ते सगळे सायकलवर खर्च करू नयेत. बारा हजारांपर्यंत सायकल घ्यावी. उरलेल्या रकमेत हेल्मेट, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा, कुलूप, हवेचा पंप आणि घंटी बसते. पहाटेच्या अंधारात चालवणाऱ्याला दिवे आणि हेल्मेट हे चैनीचे सामान नाही. सहा-सात हजारच हाताशी असतील, तर साधी बिनागिअरची किंवा वापरलेली सायकल घ्या. नवी पण सुमार गिअरची सायकल घेण्यापेक्षा ते बरे.

वापरलेली सायकल दिवसाउजेडी पाहावी. फ्रेमचे वेल्डिंगचे सांधे, विशेषतः हँडलच्या खालचा भाग, बोटाने चाचपून तडा आहे का पाहा. चाके उचलून फिरवा. डोलत असतील, तर आउट काढावा लागेल. पायडलचे दांडे बाजूला हलवून पाहा, खडखड नको. चेनच्या २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरली पाहिजे. ती चांगलीच जास्त भरली, तर चेनबरोबर दातेही झिजलेले असण्याची शक्यता असते. सीटची नळी वर-खाली होते ना, हेही पाहा. ती गंजून अडकली असेल, तर आपली उंची जुळवताच येणार नाही. जुने बिल मागायला संकोच करू नका. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि ओव्हरहॉलिंगचा खर्च धरूनच भाव ठरवावा.

पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड वीस मिनिटे पुरेत. मग दर आठवड्याला थोडे वाढवत अर्ध्या तासाचे पाच दिवस गाठा. चालवताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला म्हणजे व्यायाम मध्यम स्वरूपाचा होतो आहे. जड गिअरवर जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ६० ते ८० फेरे मारणे गुडघ्यांना मानवते.

अपेक्षाही माफक असाव्यात. ७० किलोची व्यक्ती ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने अर्धा तास सायकल चालवते, तेव्हा सुमारे २४० कॅलरी खर्च होतात. हे साधारण एका वडापावाचे माप. त्यामुळे वजन उतरवायचे तर ताटाकडेही पाहावे लागेल. सायकलवर हाडांवर भार पडत नसल्याने, हाडांच्या बळकटीसाठी आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, जिने किंवा वजनांचे व्यायाम जोडावेत.

छातीत दुखणे, चक्कर, थोड्या श्रमाने धाप लागणे, असा काही त्रास असेल किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम उतरू शकते. त्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

दुकानात जाण्याआधी शक्य असल्यास ओळखीच्या कुणाची तरी सायकल आठवडाभर मागून घ्या किंवा भाड्याने घ्या. आपल्याला कोणता रस्ता, कोणती वेळ आणि कोणती बैठक मानवते, ते त्या आठवड्यात कळेल. त्यानंतर दुकानदाराला किंमत विचारण्याआधी एकच गोष्ट सांगा : ‘माझ्या मापाची दाखवा आणि दहा मिनिटे चालवून पाहू द्या.’ तो नाही म्हणाला, तर गावात दुसरे दुकान असतेच.