शिंगरू कळपात येते तेव्हा

घोडा एकट्याने राहणारा प्राणी नाही. मोकळ्या रानात सोडला तर तो टोळीने राहतो: काही घोड्या, त्यांची शिंगरे आणि सोबत एखादा नर. टोळीतल्या प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते. पाण्यावर आधी कोणी जायचे, चाऱ्यावरून कोणी कोणासाठी बाजूला व्हायचे, हे त्यांच्यात ठरलेले असते आणि म्हणूनच रोज उठून भांडावे लागत नाही. नवे शिंगरू आले की ही घडी मोडते. ती पुन्हा बसवायचे काम घोडेच करतात. मालकाच्या हाती जागा, चारा आणि धीर एवढेच असते. बहुतेक अपघात होतात ते हा धीर सुटल्यामुळे.

दिग्रस, दारव्हा, पुसद हा यवतमाळ जिल्ह्यातला कापूस, सोयाबीन आणि तुरीचा पट्टा. इथल्या शेतीचा भार पिढ्यान्‌पिढ्या बैलांनी वाहिला आणि पोळ्याचा मानही त्यांनाच मिळाला. घोडा आला तो वरातीसाठी, टांग्यासाठी, नाहीतर हौसेपोटी. त्यामुळे अशा भागात कळप म्हटला तरी तो तीन-चार जनावरांचाच: एखादी वरातीची घोडी, एक-दोन तट्टे, फार तर एखादे शिंगरू. देशातही घोडा कमीच होत चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती; २०१९ मध्ये ती साधारण तीन लाख चाळीस हजारांवर आली. कळप लहान असला की नव्या जनावराचा धक्काही मोठा बसतो. पंधरा घोड्यांत एक शिंगरू मिसळून जाते. तिघांत ते प्रत्येकाच्या डोळ्यांत भरते.

महाराष्ट्राला लहान चणीचा घोडा नवा नाही. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी, ज्याला दख्खनी असेही म्हणतात, हा मराठ्यांच्या फौजांतला ओळखीचा घोडा. आज तो मुख्यतः मेंढपाळ धनगरांकडे उरला आहे. मेंढरांमागे गावोगाव फिरताना बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोकरे आणि कोंबड्या याच तट्टांच्या पाठीवर लादलेल्या असतात. अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे. जगात ज्याला मिनिएचर घोडा म्हणतात तो मात्र याहून फार लहान. अमेरिकेतल्या एका प्रमुख नोंदणी संस्थेच्या नियमाने त्याची उंची ३४ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ती मोजायची आयाळीच्या शेवटच्या केसापाशी. अर्जेंटिनातला फालाबेला याच मापातला. स्कॉटलंडच्या बेटांवरचा शेटलंड त्याहून थोडा उंच. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत गाड्या ओढायला तो वापरला जाई. जात कोणतीही असो, शिंगराला कळपात रुळवायची रीत एकच. फरक पडतो तो आकारामुळे, आणि तो पुढे येईलच.

घोड्यांचे मोठे बाजार हिवाळ्यात भरतात. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा. दिग्रसकराला माळेगाव सोयीचे. हिवाळ्याची ही वेळ आणखी एका कारणाने बरी असते. पावसाळ्यात काळी माती पायाला लोण्यासारखी चिकटते, पळणाऱ्या जनावराचा पाय घसरतो, शीर आखडते, आणि नव्या जनावराच्या मागे पहिले काही दिवस पाठलाग व्हायचाच. कोरड्या जमिनीवर तो पाठलाग निभावतो.

घेताना पाहायचे ते वय. शिंगरू चार ते सहा महिन्यांचे होईपर्यंत आईचे दूध पिते. त्याआधी तोडलेले पिलू घेणे म्हणजे आजार विकत घेणे. दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडू लागतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. त्यामुळे लहान वयात दातांवरून महिने सांगता येतात असे म्हणणाऱ्या दलालाचे बोलणे अर्धेच धरावे. नुकतेच आईपासून सुटलेले पिलू आधीच घाबरलेले असते. त्याला त्याच दिवशी चार अनोळखी जनावरांपुढे उभे करणे हा त्याच्यावर दुसरा घाव होतो.

म्हणून घरी आणलेले शिंगरू आधी वेगळे ठेवायचे, तीन-चार आठवडे. ही अट भीतीपोटी नाही. बाजारात शेकडो जनावरे एका हौदावर पाणी पितात, आणि नाकातून वाहणारा रोग अंगावर दिसायला दिवस लागतात. गळ्याखालच्या गाठी सुजून फुटणारा स्ट्रँगल्स हा रोग संसर्गानंतर तीन ते चौदा दिवसांनी दिसतो. ग्लँडर्स त्याहून वाईट: त्यावर उपचार करून जनावर राखायची परवानगी नाही, बाधित जनावर ठार करावे लागते, आणि तो माणसालाही होतो. २००६ मध्ये या रोगाने महाराष्ट्रात पुन्हा डोके वर काढले होते. २००८-०९ मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएंझाने देशात अनेक राज्ये गाठली. वेगळे ठेवणे याचा अर्थ वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि शिंगराचे काम दिवसात सगळ्यात शेवटी. तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून ग्लँडर्ससाठी रक्ताची तपासणी, धनुर्वाताची लस आणि जंतांचे औषध याच काळात होते. शिंगरांच्या पोटात गोल जंतांचा भरणा मोठ्यांपेक्षा फार जास्त असतो. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस लीद कळपाच्या चराईत पडू देऊ नये.

धनुर्वाताची लस या भागात चुकवू नये, याचे कारण इथल्या शेतातच आहे. तूर कापली, पऱ्हाटी उपटली, तरी धसकटे उरतात. अशा शेतात पळणाऱ्या शिंगराच्या खुरात धसकट घुसले तर जखम वरून बंद होते आणि आतून पिकते. धनुर्वाताला घोड्याइतका हळवा पाळीव प्राणी क्वचितच असेल. दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे दरवर्षी एक, असा साधारण क्रम असतो.

वेगळे ठेवले तरी एकटे पाडायचे नाही. शिंगराला लांबून कळप दिसावा, वास यावा, आवाज ऐकू यावा. पहिल्या दिवशी ते खिंकाळून घर डोक्यावर घेते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाऱ्यात मन लागते. हा काळ संपला की त्याला कळपाच्या शेजारच्या आवारात आणायचे, मध्ये भक्कम कुंपण ठेवून. नाकाला नाक लावून हुंगता येईल पण लाथ बसणार नाही, असे. इथे काटेरी तार नको. शेतकरी रोही आणि रानडुकरांसाठी जी झटका मशीन लावतात तीही नको. नवे शिंगरू तारेशी ओळख व्हायच्या आधीच तीत अडकते. बांबूच्या आडव्या पट्ट्या किंवा लाकडी ओंडके चालतात. खालची पट्टी कुठे असावी हे शिंगराच्या उंचीवरून ठरते. ३० इंचांचे जनावर कुंपणाखालून सरपटून पलीकडे जाते, आणि जाते ते बरोबर नको त्या क्षणी.

कुंपणावरची पहिली भेट कानाला भीतीदायक वाटते. दोघे नाकपुड्या फुगवून एकमेकांचा श्वास घेतात, मग एखादी घोडी किंचाळते, पुढचा पाय आपटते, कान मागे पाडते आणि वळून दुगाण्या झाडते. यात राग थोडा आणि विचारणा जास्त असते. शिंगरू याला एक ठरावीक उत्तर देते. मान पुढे ताणते, ओठ मागे ओढते आणि चघळल्यासारखा जबडा हलवते. मोठ्यांपुढे आपले लहानपण कबूल करायची ही त्याची भाषा. वयात आल्यावर ही सवय सुटते. ते तोंड वेंगाडताना पाहून काही लोक ते चावायला धावते आहे असे समजून हाकलतात, आणि एवढ्या एका गैरसमजाने सगळी मेहनत वाया जाते.

सगळ्या कळपाशी एकदम गाठ घालू नये. शेजारून पंधरवडाभर पाहिल्यावर कळपातली सर्वांत शांत घोडी निवडून ती एकटी शिंगरासोबत सोडावी. दोघांचे चार-पाच दिवस जमले की तिसरा, मग चौथा. असे केल्याने शिंगरू कळपात शिरते तेव्हा त्याच्या बाजूला एक ओळखीचे अंग असते. अंगावर पिणारे पिलू असलेली घोडी या कामासाठी कधीच निवडू नये. ती दुसऱ्याच्या पिलाला जवळ फिरकू देत नाही. वळू घोडा तर लांबच ठेवावा. वर्ष-दीड वर्षाची शिंगरी माजावर येऊ शकते, आणि तेवढेच वय झालेला नर गप्प बसत नाही. ज्याला पैदास करायची नाही त्याने नर शिंगरू वेळेवर खच्ची करून घ्यावे.

मिसळण्याच्या दिवसाची जागा मोठी हवी, आणि तिला कोपरे असू नयेत. कोपऱ्यात सापडलेले शिंगरू पळू शकत नाही आणि मागच्याला थांबताही येत नाही. कोपऱ्यांत कडब्याच्या पेंढ्या रचून वळण दिले तरी काम भागते. वरातीच्या घोडीला नाल ठोकलेले असतात. निदान मागच्या पायांचे नाल नालबंदाकडून आधी काढून घ्यावेत, कारण नालाची लाथ हाड फोडते आणि उघड्या खुराची लाथ बहुधा सुजेवर भागते. पोट भरलेले असावे, सकाळची वेळ असावी, आणि मालकाने कुंपणाबाहेर राहावे.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या सवयीबद्दल सांगणे भाग आहे. घोडा म्हटला की अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढे गळ्याला आणि मागे पायाला दोर. वरातीच्या किंवा टांग्याच्या जनावराला ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नव्या शिंगरासाठी ती घातक ठरते. बांधलेल्या जनावराला मागे सरता येत नाही, आणि घोड्यांच्या समाजात मागे सरणे हेच भांडण मिटवायचे साधन असते. मोठे जनावर मोकळे आणि शिंगरू खुंट्याला, किंवा शिंगरू मोकळे आणि त्याच्या आवाक्यात बांधलेली घोडी, या दोन्ही अवस्थांत इजा ठरलेली. मिसळण्याच्या दिवसांत एक तर सगळी मोकळी असावीत, नाहीतर सगळी एकमेकांच्या लाथेच्या टप्प्याबाहेर बांधलेली. जागा कमी असेल तर दोघांना दोरीने धरून शेजारी शेजारी लांब चालवून आणणे उपयोगी पडते. चालताना घोड्यांचे लक्ष एकमेकांवरून रस्त्याकडे जाते, आणि परतताना दोघे एकाच बाजूचे झालेले असतात.

चाऱ्याच्या बाबतीत मोजून एक नियम आहे: जितकी जनावरे, त्याहून एक ढीग जास्त. ढिगांमध्ये दहा-बारा पावले अंतर. हाकलले गेलेले शिंगरू पुढच्या ढिगाकडे जाते, तिथून हाकलले की रिकाम्या ढिगाकडे. एकाच गव्हाणीवर सगळे उभे राहिले तर त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. दिग्रसकडे चारा म्हणजे ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचे आणि तुरीचे कुटार, बांधावरचे गवत. बुरशी धरलेले कुटार बैल एखादे वेळी पचवतो, घोडा नाही. घोड्याला ओकारी येत नाही, जे पोटात गेले ते पुढेच जाते, आणि आतडी फुगून होणारा पोटशूळ जीव घेऊ शकतो. कोवळी ज्वारी चरायला देऊ नये. ती खाऊन घोड्यांच्या मागच्या अंगाचा तोल जातो, मूत्राशय बिघडते. सरकीची ढेप शिंगराला टाळावी. कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या तयार खाद्यात कधी मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, घोड्याचे हृदय बंद पाडते. कुंपणाला कण्हेर किंवा एरंड असेल तर ती आधी काढावी.

आकाराचा प्रश्न इथे येतो. बैलांसाठी बांधलेला हौद फार उंच असतो. मिनिएचर शिंगराची मान त्यात पोचत नाही आणि पाणी समोर असून ते तहानलेले राहते. त्याच्यासाठी पसरट, ठेंगणे टोपले वेगळे ठेवावे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लहान चणीचे घोडे लवकर लठ्ठ होतात, पण खाणे बंद पडले तर मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर कोसळतात. एक-दोन दिवस पोट रिकामे राहिले की अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते, यकृतावर बसते, आणि मग भूक पूर्ण मरते. ताण, प्रवास आणि कळपातले हाकलणे ही याची नेमकी कारणे. म्हणून शिंगराने दिवसभर चाऱ्याला तोंड लावले नाही तर उद्या बघू म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवावे. एक-दीड मणाच्या जनावरासाठी मोकाट कुत्र्यांची टोळी हाही खरा शत्रू आहे. रात्री त्याला बंद आवारात घ्यावे.

कान मागे पाडणे, ओझरता चावा, चार पावले पाठलाग, एखादी हवेतली लाथ, हे सारे चालू द्यावे. मध्ये पडून मोठ्या घोडीला मारले तर तिचा राग दुसऱ्या दिवशी शिंगरावर निघतो. हस्तक्षेपाची वेळ वेगळी: मानेला दातांनी धरून न सोडणे, खाणे-पिणे तोडून तासन्‌तास मागे लागणे, शिंगराला घाम आणि थरथर, किंवा लंगडणे. अशा वेळी जोडी फोडायची, शिंगरू पुन्हा कुंपणापलीकडे न्यायचे, आणि आठवडाभराने दुसऱ्या जनावरापासून सुरुवात करायची. एखादी घोडी कधीच मानत नाही. तिला वेगळे ठेवणे हाच तिच्यासाठी आणि शिंगरासाठी तोडगा.

साधारण दोन-तीन आठवड्यांत गोंगाट कमी होतो. मग दिसू लागते ते परस्परांचे खरारणे: दोन घोडे उलटसुलट उभे राहून एकमेकांच्या आयाळीच्या मुळाशी दातांनी हळूहळू खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग प्रदेशातल्या घोड्यांवर १९९३ मध्ये झालेल्या अभ्यासात याच जागी खाजवल्याने हृदयाचे ठोके कमी होतात असे आढळले. खरारा करणाऱ्याचा हातही नेमका तिथेच लागला की जनावर डोळे मिटते.

त्याहूनही पक्की खूण झोपेची आहे. घोडा उभ्या-उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि आडवे होणे म्हणजे पळता न येणे. कळपात म्हणून कोणीतरी उभे राहते आणि बाकीचे झोपतात. नवे आलेले शिंगरू पहिले कित्येक दिवस आडवे होत नाही. कडेला मान खाली टाकून पेंगत राहते. एखाद्या दुपारी ते वाळक्या गवतात चारही पाय पसरून सपाट पडलेले दिसते आणि दोन पावलांवर म्हातारी घोडी कान हलवत उभी असते, तेव्हा कुंपण काढायला हरकत नसते.