श्रीपुरचे सिरपूर कसे झाले?

आमच्या ब्राह्मणपाऱ्यापासून, म्हणजे रायपूरहून, सुमारे ८० किलोमीटरवर महानदीकाठी सिरपूर नावाचे लहानसे गाव आहे. जुन्या ताम्रपटांत याचे नाव 'श्रीपुर'. ही दक्षिण कोसलची राजधानी होती. राजमाता वासटेने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधलेले विटांचे लक्ष्मण मंदिर आजही उभे आहे.

राजधानी गेली, नाव लोकांच्या तोंडी राहिले. जोडाक्षर सुटले, 'श'चा 'स' झाला : श्री, सिरी, सिर. हे बिघडणे नव्हे, झिजणे आहे.

फौजेत नकाशा वाचताना गावाचे नाव ही खूण असते. म्हणून एखादे नाव 'अशुद्ध' ठरवून पुसण्याआधी जुने लेख पाहा. झिजलेले नावच हरवलेल्या राजधानीचा पत्ता सांगते. जय हिंद!